‘ओपन’ ते ‘क्लोज’ : न दिसणारे व्यसन

जुगाराला वास येत नाही. दारू पिऊन आलेला माणूस चाळीच्या जिन्यातच ओळखू येतो. तंबाखू खाणाऱ्याचे दात सांगतात, गर्द ओढणाऱ्याचे अंग सांगते. जुगार खेळणारा मात्र वेळेवर घरी येतो, मुलांबरोबर जेवतो, सकाळी इस्त्रीचा सदरा घालून कामावर जातो. त्याचे रक्त तपासले तरी काही सापडणार नाही. म्हणून घरच्यांना कळते ते फार उशिरा. कपाटातली बांगडी जागेवर नसते तेव्हा, किंवा कुणी अनोळखी माणूस दारात उभा राहून नवऱ्याचे नाव घेतो तेव्हा.

आपल्या समाजात दारूबद्दल जेवढी धास्ती आहे तेवढी जुगाराबद्दल नाही. मुलाच्या तोंडाला दारूचा वास आला तर आई रात्रभर रडेल. तोच मुलगा मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत असेल तर ती शेजारणीला सांगेल, “घरातच बसलेला असतो, बाहेर कुठे जात नाही.” धोका नेमका त्या ‘घरातच बसलेला असतो’मध्ये आहे.

मुंबईत हे व्यसन सर्वांत जवळून पाहिले ते गिरणगावाने. परळ, लालबाग, वरळी आणि पलीकडे विणकरांचा मदनपुरा. इथल्या जुन्या माणसांना ‘आकडा’ म्हटले की पाढे आठवत नाहीत, मटका आठवतो.

त्याची सुरुवात कापसापासून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव असे, तो टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येई. व्यापाऱ्याला तो धंद्यासाठी लागे. बाकीचे लोक त्या आकड्यांवर पैसे लावू लागले. ज्या कापसावर गिरणीतला पगार मिळायचा, त्याच कापसाच्या भावावर तो उडायचा. १९६१ च्या सुमारास हे भाव येणे थांबले. एवढ्यावर खेळ संपायला हवा होता. पण खेळणाऱ्यांना कापसाशी देणेघेणे नव्हतेच, त्यांना आकडा हवा होता. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःच आकडा काढायला सुरुवात केली. त्यांच्याकडचे रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपला वेगळा मटका काढला. मडक्यात चिठ्ठ्या टाकून एक चिठ्ठी उचलायची, म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव मात्र तेच राहिले.

पद्धत पोरालाही समजेल इतकी सोपी. तीन पत्ते काढायचे आणि बेरीज करायची. ३, ६ आणि ७ निघाले तर बेरीज १६, शेवटचा अंक ६, म्हणजे ‘ओपन’ सहा. हा रात्री नऊच्या सुमारास निघे. मध्यरात्री पुन्हा तीन पत्ते, त्यातून ‘क्लोज’. दोन्ही अंक मिळून ‘जोडी’. बरोबर अंक लावला तर साधारण नऊपट, जोडी लागली तर नव्वदपट. पैसे लावायला क्लबात जावे लागत नसे, चांगले कपडे लागत नसत. पानाच्या गादीवर, चहाच्या टपरीवर रुपया-दोन रुपये द्यायचे आणि चिठ्ठी घ्यायची. पाळी सुटताना वाटेतच काम होई.

मग आकड्यांचे शास्त्र तयार झाले. स्वप्नात साप दिसला तर कोणता आकडा, मयत दिसली तर कोणता, समोरून गेलेल्या टॅक्सीचा नंबर काय सांगतो. काही जण तर दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या फकिराच्या पुटपुटण्यातूनही अंक शोधत. फकीर बिचारा चहाचे पैसे मागत असायचा.

या खेळाची खरी ताकद त्या तीन तासांत होती. नऊ वाजता ओपन हुकला की माणसाच्या हातात दोन रस्ते असत. घरी जाऊन झोपायचे, किंवा गेलेले पैसे भरून काढण्यासाठी क्लोजवर लावायचे. त्या वेळी घरी गेलेला माणूस हौशी होता. “आता परत मिळवतो” म्हणून पुन्हा गादीकडे वळलेला माणूस व्यसनाच्या वाटेला लागला होता. जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ जुगाराच्या व्यसनाची जी ठळक खूण मानतात, म्हणजे हरलेल्या पैशांच्या मागे पुन्हा पैसे लावत धावणे, तिची सोय मटक्याच्या वेळापत्रकातच करून ठेवलेली होती.

आणि यात फसवणूक करावी लागतच नव्हती. खत्रीचा मटका ‘इमानदार’ होता, पत्ते सगळ्यांसमोर निघत, असे जुने लोक आजही सांगतात. असेल. चालवणाऱ्याला इमानदारी परवडत होती. अंक दहा आणि बक्षीस नऊपट. दहाही अंकांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात. दर शंभरात दहा रुपये चालवणाऱ्याचे, कोणताही अंक निघो. खेळणारा एकदाच लावून थांबला तर नुकसान थोडे. पण तो हातात आलेले पुन्हा लावतो. शंभराचे सरासरीने नव्वद, नव्वदचे एक्याऐंशी, असे करत सातव्या फेरीला अठ्ठेचाळीसच्या आत. कुणाचे नशीब एखाद्या दिवशी फळफळते, आणि चाळीत चर्चा त्याचीच होते. हरलेल्यांची चर्चा होत नाही, कारण ते सांगत नाहीत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. मटका संपावर गेला नाही. त्याआधी आणीबाणीत खत्री यांना तुरुंगवास झाला होता, तेव्हाही खेळणाऱ्याची तलफ बाहेरच होती. आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. मटक्याचा जुना दरारा राहिलेला नाही. पण गादी बंद झाली म्हणून खेळ बंद झाला असे समजणे भोळेपणाचे आहे. तो खिशात आला.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये एका खटल्यात म्हटले होते. तो खटला क्लबात पत्ते खेळणाऱ्यांचा होता. पन्नास वर्षांनी मोबाइलवर पैशांची रमी चालवणाऱ्या कंपन्यांनी तोच आधार घेतला, सिनेमातली आणि क्रिकेटमधली माणसे जाहिरातीला उभी केली आणि सोबत बारीक अक्षरात सवय लागण्याचा इशाराही छापला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. कायदा चांगला आहे. पण महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ च्या जुलैमध्ये बंदी आली तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही तळहातावर एकत्र. परळच्या टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर गाठोडी घेऊन बसलेली कुटुंबे अजूनही दिसतात. तलफ आडवाट शोधते, आणि मोबाइलमध्ये आडवाटा पुष्कळ आहेत.

मोबाइलने एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती फार मोठी आहे. मटक्यात चालत जावे लागे, कुणी ना कुणी पाहत असे, आकड्यासाठी तीन तास थांबावे लागे. त्या तीन तासांत कधी मूल आजारी पडे, कधी झोप येई, कधी अक्कल येई. मोबाइलवर सात फेऱ्या दहा मिनिटांत होतात, आणि तेही बाथरूमची कडी लावून.

माणूस हरत असूनही का खेळतो? बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दर वेळी चोच मारल्यावर दाणा मिळाला तर भूक भागली की कबूतर थांबे, आणि दाणा अजिबात बंद झाला तर लवकरच नाद सोडून देई. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, तर ते चोच मारतच राही. अनिश्चित बक्षीस हीच सर्वांत घट्ट गाठ. त्यात भर पडते ती थोडक्यात हुकण्याची. जोडी एका अंकाने चुकली तर ती हारच आहे, पण मनाला ती ‘जवळ आलो होतो’ अशी वाटते, आणि हात पुन्हा पुढे होतो.

इथे एक माहिती मुद्दाम देतो, कारण ती फार थोड्या घरांना ठाऊक असते. पार्किन्सनच्या म्हणजे कंपवाताच्या काही औषधांनी, मेंदूतील डोपामिनसारखे काम करणाऱ्या गोळ्यांनी, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेल्या वृद्धालाही जुगाराची अनिवार ओढ लागू शकते. अशी गोळी सुरू झाल्यावर घरातल्या आजोबांचे वागणे पैशांच्या बाबतीत अचानक बदलले, तर त्यांना बोल लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका. ही ओढ मेंदूत कुठेतरी बसलेली असते, केवळ चारित्र्याचा प्रश्न नसतो, हे यावरून तरी पटावे.

वैद्यकशास्त्रालाही ते पटायला वेळ लागला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत जुगाराची विकृती १९८० मध्ये आली, आणि २०१३ मध्ये ती दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवली गेली. पदार्थ पोटात न जाता लागलेले ते तिथले पहिले व्यसन. त्यासाठी त्यांनी नऊ खुणा सांगितल्या आहेत. वर्षभरात त्यांतल्या चार आढळल्या तर आजार मानायचा. मनात सतत तोच विचार असणे, आधीची मजा येण्यासाठी रक्कम वाढवत जाणे, थांबायचा प्रयत्न केला की चिडचिड होणे, बंद करायचे ठरवूनही पुन्हा पुन्हा न जमणे, मन उदास झाले की खेळाकडे वळणे, हरलेले भरून काढायला दुसऱ्या दिवशी परतणे, खोटे बोलणे, नोकरी किंवा नाती धोक्यात घालणे, आणि पैशांसाठी दुसऱ्यांवर भार टाकणे. या नऊंमध्ये ‘किती रुपये हरला’ हा प्रश्न कुठेही नाही. म्हणून “मी थोडेच लावतो” हे उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. पगाराचा मोठा भाग एकदा घालवून कायमचा थांबलेला माणूस व्यसनी नसेल. रोज पन्नास रुपये लावून त्यासाठी रोज खोटे बोलणारा असू शकेल.

माझ्या मते घरच्यांनी सगळ्यात जास्त लक्ष खोट्यावर ठेवावे. रकमा नंतर वाढतात, खोटे आधी सुरू होते. मोबाइल पालथा ठेवणे, कुणी खोलीत आले की पडदा बदलणे, पगार “उशिरा होणार” असणे, मित्राचा अपघात, कंपनीने अडवलेले पैसे. प्रत्येक कारण वेगवेगळे पाहिले तर पटण्यासारखे असते. ती एका कागदावर तारखांसह एकाखाली एक लिहून पाहावीत.

पवित्र कुरआनने दारू आणि जुगार यांचा उल्लेख एकत्र केला आहे, हे आपण जाणतो. सूरह अल-माइदामध्ये दोन्हींपासून दूर राहण्याची स्पष्ट आज्ञा आहे. पण त्याआधीच्या, सूरह अल-बकरामधील आयतीकडे आपले लक्ष कमी जाते. तिथे या दोन्हींत लोकांना काही फायदेही आहेत हे मान्य करून, त्यांतले पाप फायद्यापेक्षा मोठे आहे असे सांगितले आहे. त्या काळचे अरब बाण टाकून उंटाच्या मांसाच्या वाट्यांवर जुगार खेळत, आणि जिंकलेले मांस गरिबांना वाटून टाकण्यात मोठेपणा मानत. म्हणजे फायदा खरोखरच होता. घरच्यांनीही हा प्रश्न विचारायला हवा: याला त्यातून काय मिळते? कुणाला दिवसभराच्या अपमानातून तासभर सुटका मिळते. कुणाला भावाइतके कमवत नसल्याची बोच विसरायला होते. कुणाला बहिणीच्या लग्नाचा खर्च एका रात्रीत उभा राहील असे वाटते. ते काय आहे हे कळले नाही, तर खेळ काढून घेतल्यावर उरलेली पोकळी दुसरे काहीतरी भरून काढते.

आता घराच्या भूमिकेकडे येऊ. इथे प्रेमाच्या पोटी फार नुकसान होते. लालबागमधल्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. धाकट्याने ऑनलाइन खेळात आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपमध्ये मिळून दोन लाख घालवले. बदनामी नको म्हणून अम्मीने मेहरचे दागिने काढले, दुबईच्या भाईजानने पैसे पाठवले, भिशी लवकर उचलली. मुलाने रडून शपथ घेतली. सगळ्यांना वाटले, सुटलो. प्रत्यक्षात त्याची पाटी कोरी झाली आणि सगळ्यांकडे त्याची पुन्हा पत झाली. काही महिन्यांत आकडा पुन्हा उभा राहिला, या वेळी जास्त मोठा. शपथ त्याने खोटी घेतली नव्हती. घेताना ती खरीच होती, म्हणूनच घर दर वेळी फसते.

याचा अर्थ त्याला वाऱ्यावर सोडायचे असा नाही. आधी सगळ्या कर्जांची यादी त्याच्याच हाताने लिहवून घ्यायची, आणि यादी पूर्ण झाली असे कधीही एका बैठकीत समजायचे नाही. सर्वांत मोठे कर्ज बहुधा शेवटी बाहेर येते. पैसे द्यायचेच असतील तर त्याच्या हातात न देता देणेकऱ्याला थेट द्यायचे, हप्त्याने, आणि तेही उपचार सुरू झाल्यावर. पगार काही काळ पत्नीच्या किंवा वडिलांच्या खात्यात, यूपीआयची मर्यादा कमीत कमी, एटीएम कार्ड दुसऱ्याकडे. हे त्याला विचारून, त्याच्या संमतीने करायचे. चोरून केले तर तोही चोरूनच मार्ग काढतो. कुणी जकातीतून हे कर्ज फेडता येईल का, असे विचारते. कर्जबाजारी माणूस जकातीच्या हकदारांत आहे खरा, पण पापाच्या कामात केलेल्या कर्जासाठी शाफई फुकहांनी आधी तौबेची अट घातली आहे. आलिमांना पूर्ण हकीकत सांगून विचारावे, अर्धी सांगून नव्हे.

पत्नीला एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायची आहे. कोऱ्या कागदावर, कर्जाच्या अर्जावर, “फक्त साक्षीदार म्हणून” कुठेही सही करू नका. आपल्या आणि मुलांच्या नावावरचे पैसे बाजूला ठेवण्यात बेइमानी नाही. घराचे रेशन आणि शाळेची फी हीही अमानतच आहे.

उपचार आहेत, आणि ते दूर नाहीत. परळच्या केईएम आणि मुंबई सेंट्रलच्या नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे जाणे म्हणजे ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणे’ हा समज अजून आपल्या मोहल्ल्यांत आहे. त्यापायी लोक ताईत बांधून दोन-दोन वर्षे घालवतात. दुआ अवश्य करावी, ओपीडीतही जावे. जुगाराच्या व्यसनावर मुख्य उपचार बोलण्याचा असतो. कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत हात मोबाइलकडे जातो ते शोधायचे, “आज माझा दिवस आहे” या विचाराची तपासणी करायची, तलफ आली की पुढचा अर्धा तास कसा काढायचा ते शिकायचे. तलफ लाटेसारखी चढते आणि तिला खाऊपिऊ घातले नाही तर ओसरते. अनेकांना सोबत नैराश्य किंवा दारूही असते, त्याला औषध लागते. रुग्णालयात जायची हिंमत होत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

कर्जात बुडालेला माणूस “मी मेलो तर सगळ्यांचे सुटेल” असे म्हणाला, थट्टेतही म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्या क्षणी हिशेब, यादी, रागावणे सगळे बाजूला ठेवायचे. दागिने परत करता येतात.

आणि बरा झालेला माणूस पुन्हा खेळू शकतो. ईदच्या आधी बोनस मिळाल्यावर, क्रिकेटचे सामने सुरू झाल्यावर, किंवा घरात मयत झाल्यावर. अशा दिवसांची आधीच तयारी ठेवावी. तो स्वतः येऊन “काल पाचशे लावले” असे सांगत असेल, तर आरडाओरडा केल्यास पुढच्या वेळी तो सांगणार नाही. किती वाजता, कुठे, आधी काय झाले होते, एवढे विचारून लिहून ठेवावे आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या दिवशी मिळालेला केस पेपर म्हणूनच जपून ठेवायचा असतो. पुन्हा जाताना तोच न्यावा लागतो.